रिटन ऑफ, रिटन डाउन, रिटन बॅक



बहू मंडळातल्या दोघी-तिघी बरेच दिवस मागे लागल्या होत्या, की काकी, तपाचं आणि पारण्याचं पुष्कळ लिहून झालं, आता एकदा इंग्रजीचं लिहा. त्यातही ते इन, ऑन, ऑफ, अप आमच्या डोक्यात बसत नाही, त्याचं काहीतरी करा.

शाळेत आपण सगळ्यांनी क्रियापदांची तीन-तीन रूपं घोकली. राइट, रोट, रिटन. टेक, टुक, टेकन. ती आजही झोपेत विचारली तरी सांगता येतील. पण भूतकाळाच्या त्या रूपाला पुढे कोणता छोटा शब्द लागतो आणि तो लागला की अर्थ कुठून कुठे जातो, हे कुणी घोकून घेतलं नाही. आणि व्यवहारात तर सगळा खेळ त्या छोट्या शब्दाचाच असतो.

मी बी.कॉम. केलं तेव्हा खतावणी हातानं लिहायची पद्धत होती. नावे बाजूला प्रत्येक नोंदीआधी 'टू' आणि जमा बाजूला 'बाय'. टू चुकून जमेकडे गेला तर ताळेबंद जुळायचा नाही. दोन अक्षरांचे शब्द, पण पैसा कुठल्या बाजूचा ते तेच सांगायचे. आपल्या घरांत दिवाळीला वहीपूजन होतं, नावे-जमा आपल्या कानावर लहानपणापासून आहे. म्हणून मी इंग्रजीची ही गोष्ट हिशेबाच्या वहीतूनच सांगते.

'रिटन' हा एकच शब्द घ्या. रिटन ऑफ म्हणजे येणं वसूल होणार नाही असं समजून ते बुडीत खाती टाकलं. बँकांनी अमुक हजार कोटींची कर्जं राइट ऑफ केली, अशी बातमी येते आणि लोक म्हणतात कर्ज माफ झालं. माफ नाही झालं. बँकेनं आपल्या वहीतून ते बाजूला काढलं, कर्जदाराची जबाबदारी तशीच राहते आणि वसुलीही चालू राहते. माफीला वेगळा शब्द आहे, वेव्ह्ड.

रिटन डाउन म्हणजे किंमत उतरवली. दहा लाखांचं यंत्र घेतलं आणि 15 टक्के घसारा धरला, तर वर्षाअखेर ते वहीत 8,50,000 चं उरतं, पुढच्या वर्षी 7,22,500 चं. यंत्र तेच, कामही तेवढंच करतं, फक्त वहीतली किंमत खाली येते.

आणि रिटन बॅक. याची हकीकत जरा सविस्तर सांगते.

आमच्या ओळखीतली एक बहू. नवरा अचानक गेला. भोसरी एमआयडीसीत त्याचं जॉबवर्कचं छोटं युनिट होतं. तिनं ते बंद पडू दिलं नाही. सकाळी मुलांचे डबे, मग चलनं, बिलं, जीएसटी, संध्याकाळी चौविहाराच्या आत घरी. चाकणच्या एका कंपनीकडे नवऱ्याच्या वेळच्या बिलांचे 1,86,000 रुपये अडकले होते. मार्चनंतर त्या कंपनीकडून खातेउतारा आला. जुन्या बाकीसमोर दोनच शब्द होते, रिटन बॅक. ती धावत माझ्याकडे आली. "काकी, बॅक म्हणजे परत ना? पैसे परत येणार बघा!" म्हणाली. मुलीच्या कॉलेजची फी त्यातून भरायची असं तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं.

मी उतारा दोनदा वाचला. अर्थ बरोबर उलटा होता. देणाऱ्याच्या वहीत रिटन बॅक म्हणजे, हे देणं आता द्यावं लागणार नाही असं आम्ही धरलं आणि ती रक्कम आमच्या उत्पन्नात परत घेतली. पैसे परत जात होते खरे, पण तिच्याकडे नाही, त्यांच्याच नफ्याकडे.

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं, थांब. त्यांनी आपल्या वहीत एकतर्फी काही लिहिलं म्हणून त्यांचं देणं संपत नाही. पण मुदत संपू शकते." 1963 च्या मुदतीच्या कायद्यानं अशा येण्यासाठी साधारण तीन वर्षं मिळतात, आणि तिचं सगळ्यात जुनं बिल दोन वर्षं सात महिन्यांचं झालं होतं. म्हणजे हातात पाच महिने. ती समजुतीत राहून पैशांची वाट बघत बसली असती, तर ते पाच महिने असेच निघून गेले असते. त्याच आठवड्यात आम्ही फाइल उघडून चलनांच्या प्रती काढल्या, तिच्या सीएंनी पत्र तयार केलं. आधी बाकी मान्य असल्याचं सहीचं पत्र आलं. मुदतीच्या आत असं लेखी मान्य केलं, की मुदत नव्याने मोजली जाते. मग दोन हप्त्यांत पैसेही आले.

आता आपल्याला हे अवघड का जातं? मराठीत असा छोटा शब्द क्रियापदाला चिकटत नाही, तो नामाला चिकटतो. घरात, घरावर, घराशी. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना आपण ते सगळं सोबत घेऊन जातो. विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा केली, म्हणून डिस्कस्ड अबाउट. कंपनीपर्यंत पोहोचले, म्हणून रीच्ड टू. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून मॅरीड विथ. पुस्तकी इंग्रजीत डिस्कस्ड, रीच्ड यांच्यापुढे काहीच लागत नाही, आणि मॅरीडला लागलंच तर टू लागतं. तिला सांगितलं, यात टोल्ड हर, पण सेड टू हर. पण याचं फार दडपण घेऊ नका. डिस्कस्ड अबाउट म्हटल्यानं कुणाचे पैसे बुडत नाहीत. आपल्या पट्ट्यातल्या निम्म्या ऑफिसांत तेच चालतं आणि ऐकणाऱ्याला कळतं.

जिथे शब्द बदलला की अर्थ बदलतो, तिथे मात्र जपा. खडकवासल्याच्या एनडीएत दीक्षान्त संचलनाला पासिंग आउट परेड म्हणतात. त्याच अर्थानं आपली मुलं कॉलेजातून पास्ड आउट होतात. पण अमेरिकेतल्या सुनेच्या आईला ते सांगाल तर तिला वाटेल पोरगा बेशुद्ध पडला. आणि पास्ड अवे म्हणजे तर देवाघरी गेला. लेड ऑफचंही तसंच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला ले-ऑफ म्हणजे माल नाही, वीज नाही, यंत्र बिघडलं, म्हणून काही दिवस काम देता आलं नाही. त्यात नोकरी सुटत नाही, आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठेवलेली होती. परदेशी बातम्यांत मात्र लेड ऑफ म्हणजे नोकरी गेलीच. मुलाचा असा मेसेज आला तर रडू नका, आधी विचारा कुठल्या अर्थानं.

आणि मैत्रिणींनो, हे सगळं आपल्याला परकं नाही. मराठी हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. लिहून दिलं, लिहून घेतलं, लिहून काढलं, लिहून टाकलं. चाकणकडे ज्यांनी जमिनीचे व्यवहार पाहिलेत त्यांना माहीत आहे, दस्तात लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण यावर जमीन कुणाची ते ठरतं. तिथे आपल्यापैकी कुणी गोंधळत नाही.

आपल्या धर्माच्या भाषेत तर ही रीत पानोपानी आहे, फक्त तिथे छोटा शब्द आधी येतो. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, सगळ्यांचा धातू एकच. महासतीजी विहार करून येतात, आपण आहार वहोरावतो, आणि एका अक्षराच्या फरकानं तिथे प्रहार आला तर? क्रम म्हणजे पाऊल. मर्यादा ओलांडून पडलं तर अतिक्रमण, मागे आपल्या जागी आलं तर प्रतिक्रमण. या आधी लागणाऱ्या शब्दांना व्याकरणात नाव काय, तर उपसर्ग. उवसग्गहरं म्हणताना जो उपसर्ग आपण दूर कर म्हणतो, तो अर्थ वेगळा, म्हणजे साधनेत आलेलं संकट. पण भोसरीच्या त्या बहूसमोर उतारा आला तेव्हा मला दोन्ही अर्थ एकाच वेळी आठवले.

म्हणून एवढंच करा. बँकेचं, विम्याचं, कंपनीचं पत्र आलं, की भूतकाळाच्या क्रियापदाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि त्याच्या पुढच्या शब्दाखाली दुसरी. मग तीन प्रश्न विचारा: कुणाच्या वहीतून लिहिलंय? पैसा कुणाकडे जातोय? उत्तर द्यायची मुदत किती? कळलं नाही तर पाठवणाऱ्यालाच फोन करून सरळ मराठीत विचारा, "हे पैसे मला मिळणार आहेत की नाही?" त्यात कमीपणा नाही.

येत्या सोमवारी स्वाध्याय झाल्यावर मी अर्धा तास स्थानकातच थांबणार आहे. ज्यांच्याकडे न कळलेली पत्रं पडून आहेत त्यांनी ती घेऊन या. चष्मा आणि पेन्सिल विसरू नका.