गालिचा धुऊन घेताना

मैत्रिणींनो, घरोघरी जाऊन गालिचे धुण्याचा आमचा व्यवसाय आहे. काही बिघडलं, की पहिलं बोट जातं ते आमच्याकडच्या कामाच्या पोराकडे! एका घरी पाहुणे यायचे होते म्हणून बाईंनी ओल्या गालिच्यावरच लोखंडी पायांचं टेबल ठेवायला लावलं. पोरगा 'वाळू द्या हो काकू' म्हणत होता. सकाळी पाहतात तो गंजाचे चार डाग! भरपाई मात्र त्याच्या मजुरीतून मागितली. आम्ही कापू दिली नाही, गिऱ्हाईक तुटलं.

तुम्हीच सांगा, यात त्या पोराचा काय दोष? म्हणून काम सुरू होण्याआधी एवढं कराच. ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर दाबून पाहा. रंग फडक्याला लागला, तर गालिचा भिजवू देऊ नका. लोकरीला ब्लीच कधीही लावू नये. लोकर त्यात चक्क विरघळते. व्हिस्कोज, म्हणजे नकली रेशीम, भिजलं की कमजोर होतं, वाळल्यावर कडक नि पिवळट दिसतं. जुने डाग, उसवलेली झालर आधीच दाखवून ठेवा. काचेच्या वस्तू स्वतः उचलून ठेवा. नंतर पंखा लावून गालिचा पूर्ण वाळू द्या. घाईच असेल, तर फर्निचरच्या पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे सरकवा.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर रागवण्याआधी त्या मुलाचं ऐकून घ्या. रागाची भीती नसली, म्हणजे तो लपवत नाही, आणि ताजा डाग लवकर निघतो.