रणगाडा आणि मेंढपाळ

चित्रपटांतील चुका शोधणे हा अलीकडे अनेकांचा छंद झाला आहे. एका दृश्यात भरलेला पेला पुढल्याच क्षणी रिकामा दिसतो, राजाच्या मनगटावर घड्याळ चकाकते, जखम डाव्या गालावरून उजव्या गालावर जाते. पूर्वी ही दृश्ये पडद्यावरून एकदा सरकली की सरकली. आता घरबसल्या ती थांबवता येतात, मागे नेता येतात, आणि चुकीला पळवाट उरत नाही. या छंदाचे आम्हालाही वावडे नाही. मात्र एक चित्रपट असा आहे की, ज्याच्यासमोर बसल्यावर चूक कशाला म्हणावे आणि खूण कशाला म्हणावे, हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो.

तो चित्रपट म्हणजे 'जीझस ख्राईस्ट सुपरस्टार'. अँड्र्यू लॉईड वेबर यांचे संगीत आणि टिम राईस यांची गीते असलेली ही कलाकृती १९७० साली प्रथम ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आली, १९७१ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गेली आणि १९७३ मध्ये नॉर्मन ज्यूईसन या दिग्दर्शकाने ती पडद्यावर आणली. चित्रीकरण आदल्या वर्षी इस्राएलमध्येच झाले होते. प्रभू येशूच्या अखेरच्या दिवसांची ही कथा असून तिच्यात गद्य संवाद जवळजवळ नाहीतच. जे काही बोलायचे ते सारे रॉक संगीताच्या साथीने गाऊनच.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका रविवारी आमच्या घरची तरुण मंडळी हा चित्रपट पाहत बसली होती. यहूदा वाळवंटातून धावू लागला आणि त्याच्या पाठोपाठ रणगाडे आले. मग डोक्यावरून लढाऊ विमाने गेली. मंडळी हसू लागली. आमचे एक वयोवृद्ध मामा मागे बसले होते. ते काहीसे रागावून म्हणाले, "येशूच्या काळी रणगाडे नव्हते, एवढेही या लोकांना कुणी सांगितले नाही काय?" त्यावर आमची भाची म्हणाली, "मामा, सुरुवातीला बस आली होती ती तुम्ही पाहिली नाहीत."

भाचीचे म्हणणे खरे होते. चित्रपटाचा आरंभच मुळी धूळ उडवीत येणाऱ्या एका जुनाट बसने होतो. तिच्यातून तरुण नटनट्या उतरतात, टपावरून सामान काढतात, त्या सामानात एक मोठा क्रूसही असतो. ते वेष चढवतात, आणि टेड नीली या नटाला पांढरा झगा घातला गेला की तो 'येशू' होतो. म्हणजे आपण पाहतो ती येशूच्या काळाची प्रतिकृती नव्हे. विसाव्या शतकातील मुले एकत्र येऊन दुःखसहनाचे नाटक करीत आहेत, आणि आपण ते नाटक पाहत आहोत. एवढी एक किल्ली हाती आली की कितीतरी 'चुका' आपोआप गळून पडतात. रोमी शिपायांच्या अंगात जांभळी बंडी आणि हाती उझी बंदूक का, मंदिराच्या आवारातील बाजारात कबुतरांऐवजी चित्रांची कार्डे, आरसे आणि शस्त्रे का, प्रमुख याजक बांबूच्या परातीसारख्या लोखंडी सांगाड्यावर का चढून बसतात, हे मग कुणी विचारत नाही. चित्रपट प्रदर्शित झाला १९७३ च्या ऑगस्टमध्ये; त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला त्या प्रदेशात खरोखरीचे रणगाडे पुन्हा एकमेकांवर चालून गेले. त्यानंतर ते दृश्य पाहताना हसू येणे कठीण आहे.

आपल्या काळाचे कपडे घालून ही कथा सांगण्याची रीत तशी जुनीच आहे. लिओनार्दो दा विंचीने मिलान येथील मठाच्या भोजनगृहात शेवटचे भोजन रंगवले, तेव्हा त्याने सर्वांना उंच मेजाच्या एकाच बाजूला बसवले आणि मेजावर पांढरेशुभ्र कापड अंथरले. येशूच्या काळी सणाच्या भोजनाला लोक डाव्या कुशीवर रेलून बसत. ज्यूईसनने आपल्या शिष्यांना झाडांखाली चक्क गवतावर बसवले आहे. पण एका क्षणी ते सारे लिओनार्दोच्या चित्रातल्याप्रमाणे हातवारे करून स्तब्ध होतात. क्षणभरच, आणि पुन्हा हलू लागतात. म्हणजे या खुणेने उचलली आहे ती चित्रकाराने केलेली एक सुंदर चूकच! गेथशेमाने बागेतील गीतातही असेच घडते. येशूला आपल्या मरणाचे दर्शन होते ते जुन्या चित्रकारांच्या क्रुसारोहणांच्या रूपाने; एकामागून एक चित्रे झरझर डोळ्यांसमोरून जातात. येशू बागेत आहे, आणि त्याला दिसत आहे ते त्याच्या मरणानंतर शेकडो वर्षांनी माणसांनी रंगवलेले त्याचे मरण. कालक्रमाची याहून मोठी मोडतोड नाही. आणि आम्हाला विचाराल तर याहून खरे दृश्यही या चित्रपटात नाही.

जागांचेही तसेच. येशू आणि शिष्य प्रथम भेटतात त्या बेत गुव्रीन येथील घंटेच्या आकाराच्या गुहा मुख्यतः येशूनंतर कित्येक शतकांनी, चुनखडी काढताना कोरल्या गेल्या. याजकांचे सांगाडे ज्या अवदातच्या भग्नावशेषांवर उभे आहेत, ते नेगेव वाळवंटातील नबाती व्यापाऱ्यांचे नगर; यरुशलेमचे मंदिर नव्हे.

आता दुसऱ्या जातीचे फरक पाहू. हे शुभवर्तमान हाती घेतल्याशिवाय सापडत नाहीत. चित्रपटात स्वप्न पडते ते पिलाताला. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते त्याच्या पत्नीला पडले होते. पिलात फटके मोजतो ते एकोणचाळीस. शुभवर्तमानांत फटक्यांची संख्या कोठेही दिलेली नाही. नियमशास्त्राने चाळीसची मर्यादा घातली होती आणि ती ओलांडली जाऊ नये म्हणून एक कमीच मारण्याची यहुदी रीत होती. संत पौलाने असे फटके पाच वेळा खाल्ल्याचे लिहून ठेवले आहे. रोमी शिक्षेला असे बंधन नव्हते. म्हणजे रोमी सुभेदाराच्या तोंडी यहुदी गणित आले आहे. मरिया माग्दालेना येशूला सुगंधी तेल लावते आणि यहूदा त्या उधळपट्टीबद्दल कुरकुरतो. योहान ते कृत्य बेथानीच्या मरियेचे म्हणून सांगतो. पण या गफलतीबद्दल टिम राईस यांना बोल लावण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे. माग्दालेना, बेथानीची मरिया आणि लूकमधील अनामिक पापी स्त्री या तिघींना एक करण्याचे काम पोप ग्रेगरी पहिले यांनी ५९१ सालच्या प्रवचनात केले होते, आणि उपासनेच्या पंचांगात पवित्र सभेने त्यांना वेगळे केले ते १९६९ मध्ये. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार माग्दालेनाचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला नेण्यात आला. चौदा शतके आपण जी सरमिसळ करीत आलो, ती एका गीतकाराने तशीच उचलली, एवढेच.

तिसऱ्या जातीची चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. काळे झगे आणि चमत्कारिक टोप घातलेले याजक गिधाडांप्रमाणे उंचावर बसून येशूच्या मरणाचा बेत करतात, आणि पिलात बिचारा कोंडीत सापडलेला सज्जन वाटू लागतो. चित्रपट येताच अमेरिकेतील यहुदी संघटनांनी याला आक्षेप घेतला. कार्ल अँडरसन या काळ्या वर्णाच्या नटाला यहूदाची भूमिका दिल्याबद्दलही टीका झाली. त्याने मात्र ती अशी गायिली की यहूदाच्या यातनेने प्रेक्षकाचा जीव कासावीस व्हावा. व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्येच स्पष्ट केले होते की, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सरसकट साऱ्या यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. रणगाड्याने कुणाचे नुकसान होत नाही. तो पडद्यावरचा आहे. पण काळ्या झग्यातील खलनायक पिढ्यान्पिढ्या डोळ्यांत राहतो, आणि त्या चित्राने इतिहासात खरीखुरी माणसे मेली आहेत. आपल्या गावोगावी उपवासकाळात दुःखसहनाची नाटके होतात. कैफाला कसा वेष द्यावा, त्याच्या तोंडी कोणता सूर घालावा, हा प्रश्न म्हणूनच वेशभूषाकारावर सोडून भागत नाही.

राहता राहिला सर्वांत मोठा आक्षेप: यात पुनरुत्थान नाही. क्रुसावरील मरणानंतर नटमंडळी आपले नेहमीचे कपडे घालून मुकाट्याने बसमध्ये चढतात. कार्ल अँडरसन दारातून मागे वळून पाहतो. टेड नीली मात्र बसमध्ये चढताना दिसत नाही. मामांनी हे पाहून नकारार्थी मान हलवली, आणि त्यांची हरकत आम्हाला मान्य आहे. पास्काच्या पहाटेशिवाय उत्तम शुक्रवार अपुराच.

तथापि या शेवटामागे एक खूण दडलेली आहे. अखेरीस जे शब्दहीन वाद्यसंगीत वाजते त्याला रचनाकारांनी नाव दिले आहे 'योहान १९:४१'. हे नाव कुणी गात नाही, पडद्यावर कुणी उच्चारत नाही. पवित्र शास्त्र उघडले तर त्या ओवीत सापडते ती क्रुसाजवळची एक बाग, आणि त्या बागेतील एक नवी, अद्याप कुणालाही न ठेवलेली कबर. त्यानंतर अध्याय संपायला एकच ओवी उरते. आणि पान उलटले की अंधार असतानाच मरिया माग्दालेना कबरेकडे निघालेली दिसते. रचनाकारांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. बोट मात्र बागेच्या दारापर्यंत नेऊन ठेवले आहे.

आणि ते संगीत चालू असताना, मावळत्या सूर्यासमोर उभ्या रिकाम्या क्रुसाखालून एक मेंढपाळ आपला कळप घेऊन जातो. आकृती इतकी अंधुक की लक्ष नसेल तर ती निसटतेच. दिग्दर्शकाने त्याला बोलावले नव्हते, तो आपला त्या वाटेने चालला होता, असे सांगतात. चुकांची यादी करणाऱ्याने या मेंढपाळाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, ते आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.