रुमालाखालची बोटे

दलाल हा शब्द आपल्याकडे कोणी प्रेमाने उच्चारीत नाही. तरीही दलालावाचून कोणाचे चालल्याचे ऐकिवात नाही. लग्न जुळवायला मध्यस्थ लागतो, जमीन विकायला लागतो आणि बैल विकायला तर लागतोच लागतो. आपल्या वस्तूची किंमत आपल्याच तोंडाने सांगायला माणसाला संकोच वाटतो, हेच बहुधा या धंद्याचे मूळ असावे.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचे दर्शन, घोंगड्यांची दुकाने आणि गुरांचा मोठा बाजार ही तिची ओळख. शहापूरकडची माणसेही किन्हवली-सरळगाव मार्गाने तिथे येतात. गुरांच्या बाजारातली जुनी रीत मला आजोबांनी समजावून दिली. सौदा तोंडाने करायचा नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा. एक बोट दाबले की एक, चार बोटे धरली की चार, सबंध पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते आधी बोलण्यातून ठरलेले असते. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कळतो तो फक्त दोन हातांना. दलाल एकदा विकणाऱ्याचा हात धरतो, एकदा घेणाऱ्याचा. दोघांच्याही मनातले आकडे ठाऊक असलेला बाजारातला तो एकटाच माणूस!

"दलालाला बैल दाखवायचा, गरज नाय दाखवायची," असे आजोबा म्हणत. त्याला कारण होते. एका वर्षी जत्रेनंतर पंधरा दिवसांवर आत्याचे लग्न आले होते आणि दलालाला ते ठाऊक होते. 'याखाली देणार नाही' म्हणून आजोबांनी जो आकडा त्याच्या हातात दिला, नेमक्या त्याच आकड्याला बैलजोडी गेली. एक रुपया वर नाही. आकडा रुमालाखालून कुठे गेला ते आजोबांना कळले. बोलता मात्र आले नाही.

हे सारे सांगायचे कारण असे की, आता संगणकातही दलाल आले आहेत. १९९६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत पॅटी मेस आणि अँथनी चावेझ यांनी 'कास्बा' नावाचा बाजार उभा केला. त्यात विकणारे आणि घेणारे दोघेही संगणकाचे प्रोग्राम. आपण आपल्या दलालाला तीन गोष्टी सांगायच्या : हवी असलेली किंमत, याखाली नाही अशी किंमत आणि कोणत्या तारखेच्या आत विकायचे ते. शिवाय त्याचा स्वभावही आपणच निवडायचा : उतावळा, शांत की लोभी! उतावळा भराभर भाव उतरवी. लोभी शेवटच्या घटकेपर्यंत अडून बसे. म्हशाच्या बाजारात असा स्वभाव निवडायची सोय असती, तर काय बहार झाली असती!

या यंत्रांना लाज नाही, तसेच तारतम्यही नाही. २०११ साली ॲमेझॉनवर माशीच्या वाढीविषयीचे एक शास्त्रीय पुस्तक दोन दुकानदारांकडे विक्रीस होते. एकाचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट भाव लावी. दुसऱ्याचा पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोघे एकमेकांकडे पाहून किंमत वाढवीत राहिले आणि एप्रिलात ती २ कोटी ३६ लाख डॉलरांच्या वर गेली. जत्रेतले एखादे शेंबडे पोरही यावर हसले असते.

परंतु खरी गोष्ट याहून खोल आहे. विल्यम विक्री नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. (नाव कसे बाजाराला शोभणारे!) त्यांनी १९६१ साली लिलावाची एक रीत मांडली. बोली बंद पाकिटात द्यायची. सर्वांत मोठ्या बोलीवाल्याला माल मिळायचा, पण पैसे त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके द्यायचे. म्हणजे मनातला खरा आकडा लिहिण्यातच ज्याचे त्याचे हित. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांनी ते वारले. ईबेवर आपल्यातर्फे बोली चढविणारा दलाल याच धर्तीवर चालतो. कमाल आकडा त्याला सांगून ठेवायचा. तो प्रतिस्पर्ध्याच्या किंचित वर, पायरीपायरीने चढतो.

मात्र या सुंदर रचनेची सारी मदार एकाच गोष्टीवर आहे : पाकीट उघडणारा प्रामाणिक हवा. तुमचा आकडा पाहून त्याच्या जरासा खाली खोटी बोली कोणी घुसडली, तर तुमचा खिसा शेवटच्या रुपयापर्यंत रिकामा. म्हणजे गोष्ट आजोबांचीच, फक्त उलट्या बाजूने. तिथे विकणारा बुडाला, इथे घेणारा बुडेल.

आपल्याकडे १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम, म्हणजे राष्ट्रीय कृषी बाजार, सुरू झाला. व्यापारी संगणकावरून किंवा मोबाइलवरून बोली लावतो. उद्या शेतकऱ्याच्या भेंडीसाठीही एखादे यंत्र घासाघीस करील. चांगलेच आहे, यंत्र दारू पीत नाही, थकत नाही, मेहुण्याची बाजू घेत नाही. पण ते यंत्र बाजार चालविणाऱ्यानेच दिले असेल, तर त्याने दोन्ही हात धरलेले आहेत. आणि घरात लग्न कधी आहे, कर्जाचा हप्ता कधी आहे, हे मोबाइलला न सांगताच कळते. गरज लपवायला रुमालच उरत नाही.

म्हशाच्या दलालाला निदान पुढच्या पौषात त्याच माणसांसमोर उभे राहावे लागे. गावाने पाठ फिरवली की त्याचा धंदा बसे. या नव्या दलालाला जत्रा नाही, गाव नाही, पौष नाही. म्हणून त्याच्यासाठी कायद्याचा धाक हवा आणि हिशेब उघडून पाहण्याचा हक्कही हवा. शहापूर-मुरबाडच्या आम्हा मुलांनी तो जरूर वापरावा. फक्त हातात आकडा देण्याआधी त्याला विचारून घ्यावे, "बाबा रे, तू मीठ कोणाचे खातोस?"