रीत चूक, उत्तर बरोबर

गणिताचे पेपर तपासणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मुलाचं उत्तर बरोबर आहे, पण रीत चुकली आहे. गुण किती द्यायचे? आमच्या शिक्षकखोलीत यावर सरळ दोन तट होते. एक म्हणे, उत्तर आलं ना, मग द्या पूर्ण. दुसरा म्हणे, आज योगायोगाने आलं, उद्या आकडे बदलले की येणार नाही. मी दुसऱ्या तटातली, आणि म्हणून मुलांमध्ये फारशी प्रिय नव्हते.

हाच वाद मला सत्तरी उलटल्यावर पुन्हा भेटला तो एका डेटाबेसच्या पोटात. माझा भाचा पोस्टग्रेसवर काम करतो. बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेला हा प्रकल्प, १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल म्हणून ओळखला जातो. सगळा सी भाषेत लिहिलेला आणि सगळ्यांना वाचायला खुला. कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंदसुद्धा वाचता येते. मला त्यातलं बरंच कळत नाही, पण नोंदी वाचायला आवडतात. शाळेच्या लॉगबुकसारख्या असतात.

तर या नोंदींमध्ये २०२२ साली एकच काम पुन्हा पुन्हा दिसतं: अमुक फाइलमधले मॅक्रो काढून तिथे इनलाइन फंक्शन घातली. बहुतेक पीटर आयझेनट्राउट यांच्या नावावर. भाच्याला विचारलं, की बाबा रे, चालत होतं ते कशाला बदललं? त्याने फोनवर जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं.

मॅक्रो म्हणजे निव्वळ मजकुराची अदलाबदल. समजा मी लिहून ठेवलं, की वर्ग(क्ष) म्हणजे क्ष × क्ष. आता वर्ग(३+१) म्हटलं, तर कोणीही सोळा म्हणेल. पण मॅक्रो काही गणित करत नाही. तो क्षच्या जागी अक्षरं चिकटवतो: ३+१×३+१. कंचेभागुबेव लावा, सात येतात! यावर कंसांचा उपाय आहे, आणि सी लिहिणारे म्हणूनच मॅक्रोत कंसांची रास घालतात. पण दुसऱ्या दुखण्याला कंसही चालत नाही. समजा आत आकड्याऐवजी आज्ञा आहे, ‘यंत्रातून पुढचं टोकन काढ’. चिकटवताना ती दोनदा लिहिली जाते, म्हणून टोकनं दोन निघतात. पाचचा वर्ग पंचवीस यायचा तिथे पाच गुणिले सहा, तीस. शिवाय रांगेतलं एक टोकन फुकट गेलं ते वेगळंच.

फंक्शन असं करत नाही. ते आधी आतलं काय ते एकदाच ठरवतं आणि मग ती किंमत हातात घेतं. मग पहिल्यापासून फंक्शनच का नाही लिहिली? कारण फंक्शनला हाक मारायची म्हणजे तिथे जायचं, काम करायचं, परत यायचं. पोस्टग्रेस आपली माहिती साधारणपणे आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतो, आणि पानातली एक ओळ वाचायची तरी अशा बारीकसारीक हाका कितीतरी लागतात. लाखो ओळींना हा हेलपाटा परवडायचा नाही. जुन्या लोकांनी मॅक्रो वापरले ते आळसाने नव्हे, हे आधी कबूल करायला हवं. फंक्शन लिहायचं पण त्याचं काम शक्यतो जागच्या जागी उरकायचं, ही इनलाइनची सोय सी भाषेच्या प्रमाणात आली १९९९ साली. आणि पोस्टग्रेसने ते प्रमाण सक्तीचं केलं २०१९ सालच्या बाराव्या आवृत्तीपासून. मोठी घरं अशीच सावकाश बदलतात.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. पोस्टग्रेसमध्ये ‘डेटम’ नावाची एक पिशवी आहे. आकडा असो, हो-नाही असो, की दुसरीकडच्या जागेचा पत्ता, सगळं याच एका मापाच्या पिशवीतून इकडून तिकडे जातं. पिशवीत घालायचे मॅक्रो वेगळे आणि काढायचे वेगळे. पण दोन्ही मॅक्रो जे हातात येईल त्याला गुमान हव्या त्या प्रकाराचं लेबल लावून मोकळे होत. त्यामुळे काही ठिकाणी भलताच मॅक्रो लावलेला असूनही कुणाच्या लक्षात आलं नाही. कंपायलर गप्प, आणि कार्यक्रम सुरळीत. उत्तर बरोबर!

त्याच मॅक्रोंची फंक्शन करायला घेतली तेव्हा या जागा उघड्या पडल्या. फंक्शनला आधीच सांगावं लागतं, की मी अमुक प्रकार घेईन आणि तमुक परत देईन. भलतं काही दिलं की कंपायलर तिथेच हटकू शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये आधी त्या चुकीच्या जागा दुरुस्त झाल्या, मग मॅक्रो गेले, आणि २०२३ साली आलेल्या सोळाव्या आवृत्तीत हे सगळं आलं. वापरणाऱ्याला यातला कणही जाणवला नसेल. मला मात्र ती नोंद वाचून, खोटं कशाला सांगू, आमच्या तटाचा निकाल लागल्यासारखं वाटलं.

पण भाच्याने लगेच पाय ओढलेच. म्हणाला, “मावशी, सगळे मॅक्रो नाही गेले हं.” दोहोंतला मोठा आकडा देणारा ‘मॅक्स’ अजून मॅक्रोच आहे. फंक्शन केलं तर त्याला एकच प्रकार बांधून द्यावा लागेल, आणि मॅक्सला तर पूर्णांकही हवेत आणि दशांशही. म्हणून तो भरपूर कंस लावून तसाच ठेवला आहे. त्याच्या आत टोकन काढायची आज्ञा लिहायची नाही, एवढं लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं.