करता येईल अशी सूचना

तालमीत नटाच्या कानावर वरचेवर पडणाऱ्या सूचना दोन: "अजून फील कर" आणि "एनर्जी वाढव". नट "हो सर" म्हणतो आणि तेच वाक्य जरा चढ्या आवाजात म्हणून दाखवतो. त्यात त्याचा दोष नाही. भावना हुकमानं येत नाही, कृती येते. संभाजीनगरात नाटकं बसवताना आणि नाट्यशास्त्राच्या मुलांना शिकवताना मी एकच कसोटी लावतो: सूचना ऐकल्याबरोबर नटाला काहीतरी करता आलं पाहिजे.

समजा, मुलगा बापाला म्हणतो, "बाबा, मी निघतो." नटाचं वाक्य रडवेलं होतंय. "रडू नको" म्हटलं की तो रडू आवरण्यात गुंततो आणि बाप बाजूलाच राहतो. त्याऐवजी "त्यांनी तुला थांबवावं, अशा बेतानं सांग" म्हणून पाहावं. नजर आपोआप बापाकडे जाते, वाक्याच्या मध्ये जागा पडते, पाय रेंगाळतात. "तू परत येणार नाहीस हे त्यांना कळू देऊ नको" म्हटलं, तर तेच वाक्य हलकं, घाईचं होतं. पात्राला समोरच्याकडून काय हवंय, हा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचा प्रश्न. शेवटच्या वर्षांत तर त्यानं भावनेचा पाठलाग सोडून शारीरिक कृतीवरच भर दिला.

समोर कुणीच नसेल तेव्हा या कसोटीचा खरा कस लागतो. संभाजीनगरातच उभ्या राहिलेल्या 'जिगीषा' नाट्यसंस्थेच्या मंडळींपैकी प्रशांत दळवींनी लिहिलेलं आणि चंद्रकांत कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेलं 'चारचौघी' 1991 साली रंगभूमीवर आलं. त्यातला विद्याचा फोनवरचा दीर्घ प्रवेश नाट्यरसिकांना ठाऊक आहे. पलीकडचा माणूस प्रेक्षकाला ऐकू येत नाही. नटीला मात्र त्याचं प्रत्येक वाक्य ऐकावं लागतं. असे प्रवेश मी वर्गात घेतो तेव्हा पलीकडची वाक्यं आधी लिहून घेतो आणि तालमीत दुसऱ्या नटाकडून खरोखर बोलवून घेतो. मग "इथे पॉज घे" असं सांगावं लागत नाही. उत्तर ऐकायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच पॉज.

करून दाखवावं की नाही, हा जुना वाद. आपल्याकडे तालीम मास्तरांची परंपरा मोठी. गोविंद बल्लाळ देवल नटाला वाक्य घोटून घोटून शिकवत. बालगंधर्वही त्यांच्या हाताखाली तयार झाले. संगीत नाटकाच्या तालबद्ध गद्याला ती पद्धत शोभली. आज मात्र दिग्दर्शकानं करून दाखवलं की नट प्रसंग सोडून दिग्दर्शकाची नक्कल करतो. मी हालचाल दाखवतो. वाक्य म्हणून दाखवत नाही.

मराठवाड्यात आणखी एक पेच असतो. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाची घडी बसवली, तेव्हापासून परभणी, जालना, बीडकडची मुलं इथे नाटक शिकायला येतात. हातात संहिता आली की त्यांचा आवाज बदलतो: पुण्या-मुंबईचं मराठी बोलायच्या धडपडीत खांदे आखडतात, श्वास वर चढतो. अशा वेळी "उच्चार सुधार" म्हणणं म्हणजे आगीत तेल. मी म्हणतो, "हा प्रसंग तुझ्या गावच्या बोलीत कर." "मी निघतो"चं "मी जाऊ लागलो" होतं आणि अंग मोकळं होतं. तो मोकळेपणा अंगात मुरला की संहितेच्या शब्दांकडे परत यायचं. काही नाटकांना तर परत यायची गरजच नसते. राजकुमार तांगडे यांचं, नंदू माधव दिग्दर्शित 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' 2012 मध्ये आलं ते जालना भागातल्या नटांच्या बोलीसकट, आणि महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं.

सूचना कधी द्यायची, हेही तिच्या शब्दांइतकंच महत्त्वाचं. वाचनाच्या टप्प्यावर मी फक्त प्रश्न विचारतो. नाटक उभं राहताना मध्येच थांबवतो, कारण चुकीची हालचाल दोन-चारदा झाली की अंगवळणी पडते. सलग तालमीत मात्र वहीत लिहायचं आणि शेवटी बोलायचं. एन्ट्री, जागा, प्रकाशाच्या नोट्स सगळ्यांसमक्ष. अभिनयाची नोट एकट्याला, बाजूला घेऊन. चार सहकाऱ्यांसमोर ऐकलेली नोट नट बचाव करत ऐकतो. रंगीत तालमीनंतर नवीन अर्थ सुचला तरी गिळायचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री दिलेली उत्तम सूचनाही दुसऱ्या दिवशी नटाला अडखळवते.

आमचे बहुतेक हौशी नट दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येतात. त्यांच्याकडे दोन-तीन तास असतात. दिग्दर्शकाचं पात्राबद्दलचं व्याख्यान ऐकण्यात त्यातला अर्धा तास जाऊ नये. पात्राचा सगळा अभ्यास दिग्दर्शकानं घरी करावा आणि तालमीत त्यातलं एकच वाक्य न्यावं, ज्यात नटाला करण्याजोगं काम असेल.