बघून सांगायचे पैसे

गाडी गॅरेजला लावली, मेस्त्रीने उकिडवं बसून खालून-वरून पाहिली, हँडल दोन वेळा हलवून बघितलं आणि खर्चाचा आकडा सांगितला. या आकड्याचे पैसे आपल्यापैकी किती जणांनी कधी दिले आहेत? डॉक्टर तपासून ‘काही नाही, घरी जाऊन आराम करा’ म्हणाला तरी आपण गुपचूप फी काढून ठेवतो. वकील नुसते कागद वाचायचेही पैसे घेतो. मेस्त्रीने मागितले तर मात्र आपला चेहरा पडतो. ‘अरे, तू केलंस काय? नुसतं बघितलंस ना?’

माझा मामेभाऊ चिपळूणला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणतो. गिऱ्हाईकंही भाईच म्हणतात, मग ती गोवळकोटची असोत की खेर्डीची. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी एका उस्तादाकडे पाने पुसायला लागला, तेव्हापासून हात काळेच आहेत. आपल्या समाजातली किती घरं या धंद्यावर उभी आहेत ते मी सांगायला नको. पंक्चर, वेल्डिंग, डेंटिंग, इंजिन. त्यामुळे इस्टिमेटचे पैसे घ्यावेत की नाही हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या गिऱ्हाइकाचा नाही. मी काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

खरं म्हणजे 2021 च्या जुलैपर्यंत मीही याचा फारसा विचार केला नव्हता. 21 तारखेला बकरी ईद झाली आणि 22 ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. पाणी ओसरल्यावर जो तो चिखलाने भरलेली गाडी ढकलत गॅरेज शोधत होता. भाईचं स्वतःचं गॅरेज बुडालेलं, कंप्रेसर गेला, नवे सुटे भाग गाळात, पान्यांचा डबा शेजारच्याच्या पडवीत सापडला. अशा माणसाच्या दारात आठवडाभरात गाड्यांची रांग लागली, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना गाडी दुरुस्त करायचीच नव्हती. त्यांना हवा होता कागद. इन्शुरन्सला द्यायला इस्टिमेट.

पुरात बुडालेल्या गाडीचं इस्टिमेट बाहेरून काढता येत नाही. अपघाताच्या गाडीचं निदान अर्धं तरी डोळ्यांना दिसतं: फुटलेला हेडलाइट, वाकलेलं फूटरेस्ट, टाकीला पडलेला पोचा. (तिथेही फोर्क आणि चेसिस मोजल्याशिवाय कळत नाहीत, पण ते असो.) बुडालेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर सारख्याच दिसतात. एकीचं ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला की ती चालू होते. दुसरीच्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये गाळ बसलेला असतो. कोणती कोणती, हे ऑइल काढल्यावर कळू लागतं. ते दुधाच्या चहासारखं निघालं की समजायचं, पाणी आत आहे. मग क्लचच्या बाजूचं कव्हर, मॅग्नेटच्या बाजूचं कव्हर, वेळ आली तर हेड आणि सिलिंडर. नव्या बीएस-6 गाड्यांना वर ईसीयू आणि वायरिंगचं दुखणं. हे सगळं होईपर्यंत सेल्फ मारायचा नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग विमा कंपनी म्हणते, हे पुराने झालेलं नाही, तुम्ही चालू करायला गेलात म्हणून झालं.

म्हणजे एका गाडीमागे दोन तास, कधी अर्धा दिवस. कव्हर उघडलं की गॅस्केट बहुधा फाटतं, ते नवं घालावं लागतं. ऑइल गेलं ते गेलं. जिला आपण ‘नुसतं बघणं’ म्हणतो त्या कामात मेस्त्रीच्या खिशातून रोख पैसे जातात.

आता विम्याची बाजू. ज्याची पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची, त्याला पुरासाठी छदामही मिळत नाही. आणि कायद्याने सक्ती आहे ती तेवढ्याचीच, म्हणून पुष्कळांकडे तेवढीच असते. ज्याची फुल पॉलिसी आहे त्याच्या गाडीचं इस्टिमेट लागतं, मग सर्व्हेअर येतो. सर्व्हेअर रबर, प्लास्टिक आणि बॅटरीचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापतो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतो. आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. चार वर्षं ओलांडलेल्या गाडीची आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्म्यावर आलेली असते, त्यामुळे फुल इंजिन आणि वायरिंग धरलं की 75 टक्के गाठायला वेळ लागत नाही.

टोटल लॉस झाला की काय होतं बघा. मालकाला पैसे मिळतात. सर्व्हेअरला त्याची फी विमा कंपनी देते. सांगाडा भंगारवाला उचलतो, त्यालाही दोन पैसे सुटतात. ज्याने चिखलात बसून इंजिन उघडलं, ज्याच्या यादीवर हे सगळं उभं राहिलं, त्याला काही नाही. कारण दुरुस्ती झालीच नाही, आणि ‘इस्टिमेटचे काय पैसे घ्यायचे’.

माझ्या मते मुद्दा इथे आहे. फुकट इस्टिमेटमुळे खरं सांगणं मेस्त्रीला महाग पडतं. त्याने प्रामाणिकपणे ‘ही गाडी करण्यात अर्थ नाही’ असं सांगितलं तर त्याचा अर्धा दिवस बुडाला. खोटं बोलून ‘होईल, होईल’ म्हणाला, चार भाग यादीतून वगळले, तर काम मिळालं. वगळलेले भाग नंतर ‘आत्ता लक्षात आलं’ म्हणून वाढवता येतात. असा सौदा आपणच तयार करून ठेवला आहे, आणि वर गॅरेजवाले लबाड असतात म्हणतो. फुकट काही नसतंच. त्या दोन तासांचे पैसे कुठेतरी वसूल होतात, बहुतेक वेळा पुढच्या गिऱ्हाइकाच्या सुट्या भागांत. तो पुढचा गिऱ्हाईक म्हणजे ज्याला घासाघीस जमत नाही असा कुणीतरी.

दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. पुरानंतर भाईकडे एक मासे विकणारी बाई आली होती, मुलगा मोपेड ढकलत होता. पॉलिसी थर्ड पार्टीची. तिला चारशे रुपये देऊन ‘ही गाडी मेली’ एवढंच ऐकायचं? गरिबाला वाईट बातमीसुद्धा विकत घ्यावी लागावी, हे मलाही पटत नाही. पण त्याचा उपाय सगळ्यांना फुकट हा नव्हे. भाईने तिच्याकडून घेतले नाहीत, तो त्याचा निर्णय. सवलत देणं आणि मेहनतीची किंमत शून्य धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत देणाऱ्याची मर्जी असते.

मी स्वतः उलट बाजूनेही भाजलो आहे. महामार्गावरच्या खड्ड्यात माझी स्कूटर आडवी झाली तेव्हा ती एका शोरूमच्या वर्कशॉपला नेली. इस्टिमेट जास्त वाटलं म्हणून गाडी परत मागितली, तर म्हणाले, इस्टिमेट चार्ज भरा, एकूण रकमेच्या अमुक टक्के. आधी एक शब्द बोलले नव्हते. पावती मागितली तर ‘सिस्टिममध्ये नाही’. आकार घेतला याचा मला राग नाही. राग आहे तो जाताना सांगितल्याचा, आणि टक्क्यांचा. इस्टिमेट जितकं फुगवाल तितकी फी जास्त, हा कुठला हिशोब? मेहनत उघडण्याची आहे, आकड्याची नाही. फी ठरावीक हवी, तासावर हवी. आणि बिल न देणं हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं, हेही लक्षात असू द्या.

काही ठिकाणी याहून वाईट चालतं. फुकट म्हणून गाडी उघडतात, इंजिनचे तुकडे गोणीत भरून कोपऱ्यात ठेवतात. आता गिऱ्हाईक जाणार कुठे? करार कायद्याचं (1872) कलम 170 कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क देतं, पण माझ्या समजुतीप्रमाणे मजुरी ठरलेलीच नसेल तर अडवून धरायला आधार उरत नाही. चारशे रुपये आधी ठरले असते तर ते मोजून गोणी रिक्षात टाकता आली असती. ठरलेली फी गिऱ्हाइकालाही मोकळं करते.

फिकहमध्ये मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. त्यात काम आणि उजरत दोन्ही आधी माहीत असावीत अशी अट आहे. मजुराला मेहनताना विनाविलंब देण्याबद्दलची ती घामाची हदीस तर जुम्याच्या बयानात ऐकून सगळ्यांना पाठ आहे. मस्जिदीतून बाहेर पडून हीच मंडळी भाईकडे येतात आणि म्हणतात, ‘भाई, जरा खोलून बघ ना, काय पैसे लागतात त्याला?’ पण इजाऱ्याची अट मेस्त्रीलाही लागू आहे. न सांगता उघडलं आणि मग हात पुढे केला, तर ती उजरत ठरलेली नव्हती.

भाईने आता भिंतीवर रंगाने लिहून घेतलं आहे. बघायचे पैसे नाहीत. उघडायचे चारशे, उघडण्याआधी सांगून. काम इथेच केलं तर बिलातून वजा. विम्यासाठी लेखी इस्टिमेट तीनशे, पावतीसह. वाढवून लिहून मिळणार नाही. शेवटची ओळ अपघातात समोरच्याकडून भरपाई काढायला येणाऱ्यांसाठी आहे. ‘तुला काय जातंय, जरा पाच हजार वाढव’ असं म्हणणाऱ्यांत आपलेही असतात, परकेही. पाटी लागल्यावर काही जुनी गिऱ्हाईकं शेजारच्या गल्लीत गेली. त्यातली काही परत आली, काही नाही.

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. गिऱ्हाइकाने काम नाकारलं तर इंजिन पुन्हा जोडून द्यायचं कुणाच्या पैशाने? भाई म्हणतो, जोडायला उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्याचे वेगळे दोनशे. मी म्हणतो, चारशेत ते धरून सांग, नाहीतर ती पुन्हा गोणीच झाली. परवा फोनवर यावरच अर्धा तास गेला, शेवटी तो म्हणाला, ‘तू ये एकदा, पल्सर जोडून दाखव, मग दर आपण दोघं ठरवू.’