केआर मार्केटचा दिवा आणि दूरचा देवमासा

बेंगळुरूला गेलात की एका पहाटे लवकर उठा आणि केआर मार्केटला जा. झेंडू, शेवंती, अबोलीचे ढीग, वजनकाट्यावरची घाई, चार भाषांमधली घासाघीस आणि या सगळ्यावर पडलेला दिव्यांचा उजेड. फुलं घ्या, फोटो काढा. मग क्षणभर वर, त्या दिव्यांकडे बघा.

याच भागात ५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळुरूच्या रस्त्यावर पहिल्यांदा विजेचे दिवे लागले. वीज आली होती कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून. १९०२ मध्ये ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि तीन वर्षांनी शहराची पाळी आली.

आता एक गंमत ऐका. त्या काळी दिव्याचा उजेड ‘कँडलपॉवर’मध्ये मोजत, म्हणजे दिवा किती मेणबत्त्यांइतका उजळ आहे ते बघत. पण मेणबत्ती कुठली? इंग्लंडने १८६० च्या कायद्यात ती ठरवून दिली होती: सुमारे ७५ ग्रॅम वजनाची, तासाला पावणेआठ ग्रॅम जळणारी आणि स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातल्या मेणाची! समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचावरच्या या शहराचा उजेड मोजायच्या मापाचं मूळ असं थेट खोल समुद्रात होतं.

ते मेण लंडनला कसं पोचायचं? चला, १८३० सालात जाऊ. थॉमस बील नावाचा तरुण डॉक्टर लंडनहून ‘केंट’ या शिकारी जहाजावर चढला. जायचं होतं ‘दक्षिण समुद्रा’वर. पॅसिफिक महासागराला तेव्हा असंच म्हणत. अशा सफरी तीन-तीन वर्षं चालत. बील परतला तो १८३३ मध्ये, तोही दुसऱ्याच जहाजावरून.

डोलकाठीवर चढलेला खलाशी दिवसभर क्षितिजाकडे डोळे लावून बसे. देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला की तो ओरडे आणि लहान होड्या पाण्यात उतरत. एका होडीत जेमतेम सहा माणसं, आणि समोर पन्नास-साठ फुटांचा जीव. दोर बांधलेला भाला लागला, की जखमी देवमासा होडीला फरफटत नेई. शेपटीच्या एका तडाख्यात होडीचे तुकडे होत. कित्येक खलाशी घरी परतलेच नाहीत.

शिकार साधली की जहाजाच्या कडेला बांधून तिची चरबी सोलत. डेकवरच विटांची भट्टी आणि मोठमोठ्या कढया असत. तेल निघाल्यावर उरलेला चोथा त्याच भट्टीत जाळण म्हणून टाकत. देवमाशाला त्याच्याच अंगाच्या आगीवर कढवत, म्हणा ना! मोठ्या नराच्या डोक्यातून जवळपास १,९०० लिटर पातळ मेण निघे. गार झालं की ते पांढरंशुभ्र थिजे. त्याच्या मेणबत्त्या धूर न करता स्वच्छ जळत.

बीलने मात्र नुसती शिकार पाहिली नाही, प्राणी पाहिला. १८३९ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं, की खलाशांच्या गोष्टींतला हा राक्षस खरं तर भित्रा आणि निरुपद्रवी आहे. माद्या जखमी पिल्लाला सोडून जात नाहीत, हेही शिकाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच पिल्लू सापडलं की आईही हाती लागे. आपण ‘मासा’ म्हणतो खरं, पण पिल्लाला दूध पाजणारी ती आईच.

पुढे रॉकेल आलं, वीज आली आणि दिव्यासाठी देवमासा मारायची गरज सरली. तरीही विसाव्या शतकात वंगण, साबण अशा कामांसाठी यांत्रिक जहाजांनी आणखी मोठी कत्तल केली. व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू व्हायला १९८६ उजाडलं.

मग गोष्ट संपली का? नाही. २०२१ मध्ये बेंगळुरू पोलिसांनी अंबरग्रीस जप्त केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ‘व्हेलची उलटी’ म्हणून आपल्या कोकणातही त्याच्या अफवा रंगतात. खरं तर तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. अत्तरासाठी त्याला मोल येतं. वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर असा गोळा सापडलाच, तर वनखात्याला कळवा. ‘लॉटरी लागली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका.

आणि केआर मार्केटला मुलांना घेऊन गेलात, तर दिव्याखाली उभं राहून त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आज बटण दाबलं की उजेड पडतो. एके काळी तेवढ्यासाठी माणसं तीन वर्षं घराबाहेर राहत आणि दूरच्या समुद्रात एखादं पिल्लू आईला मुकत असे.